महामार्गावरील अपघात : दैव कीं कार्यकारण ?

आपल्याकडे कोणी प्रवासास निघालें, कीं घरांतील वडीलधारी बाई त्याच्या हातावर दहीं घालते, देवापुढें साखर ठेवते, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत सारें कुटुंब उभें राहून, “सावकाश जा, पोहोंचल्याबरोबर कळवा,” असें सांगतें. या रीतींत काळजी आहे, माया आहे. म्हणून तिची थट्टा करावी असें मला कधींहि वाटलें नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत एक प्रश्न मला सतत बोंचत आला आहे. ज्या घरांत प्रस्थानाची वेळ पाहण्यास अर्धा तास मिळतो, त्या घरांत मागच्या आसनावरील मंडळींनीं पट्टा लावला कीं नाहीं, हें पाहण्यास अर्धें मिनिट कां मिळूं नये ?

हा प्रश्न पुस्तकांतून आलेला नाहीं. माझी थोरली बहीण आमच्या घरचें एक मंगलकार्य आटोपून मुलाच्या व सुनेच्या बरोबर मोटारीनें परत जाण्यास निघाली. कार्याच्या गडबडींत निघण्यास रात्र झाली. पुढें बसलेल्या दोघांनीं पट्टे लावले. मागच्या आसनावर मऊ चादर अंथरलेली होती, आणि पट्ट्याचें खटक्याचें टोंक त्या चादरीखालीं दडपलेलें होतें. तें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि कांहींएक बोललों नाहीं. पहांटेच्या सुमारास वाटेंत मागचे दिवे नसलेली एक मालमोटार रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्यावर गाडी आदळली. पुढचे दोघे हाडें मोडून कां होईना, वांचले. आक्का गेली. तेराव्याच्या दिवशीं जमलेल्या सर्वांनीं, “तिचें आयुष्य तेवढेंच होतें,” असें म्हटलें, आणि मींहि मान डोलावली. घरीं आल्यावर मात्र ती चादर डोळ्यांपुढून हलेना. चाळीस वर्षें मुलांना ‘कारणावांचून कार्य होत नाहीं’ असें शिकविणाऱ्या माणसानें आपल्या बहिणीच्या मृत्यूपुरतें तें सूत्र गुंडाळून ठेवावें काय ? या विचारानें मीं या विषयाचें जें वाचन केलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या संकटाचें मान लक्षांत घेतलें पाहिजे. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात घडले व त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. म्हणजे दिवसाला सरासरी ४६० हून अधिक, आणि तासाला सुमारें १९. एखाद्या सांथींत एवढीं माणसें दगावतीं, तर आपण गांवोगांव दवंडी पिटली असती. परंतु हे मृत्यु एकेकट्यानें, निरनिराळ्या ठिकाणीं येतात. म्हणून प्रत्येक घराला तो आपल्यापुरता दैवाचा घाला वाटतो. तासाला एकोणीस या हिशेबानें वर्षभर चालणाऱ्या गोष्टीला दैव म्हणणें म्हणजे दैवाला कारकुनाची शिस्त चिकटविण्यासारखें आहे. जेथें एवढी नियमितता आहे, तेथें कारणें असलींच पाहिजेत, आणि कारणें असलीं तर तीं शोधितां आलीं पाहिजेत.

न्यायशास्त्राचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला गाढवाचें एक उदाहरण शिकवितात. कुंभाराच्या घरीं माती वाहून आणणारें गाढव घट होण्यापूर्वीं तेथें असतें खरें, पण म्हणून तें घटाचें कारण ठरत नाहीं. कारण माती दुसऱ्या कशावरूनहि आणतां येते. अशा गोष्टीला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. अपघातानंतर आपण जें बोलतों, त्यांत हीं गाढवेंच फार असतात : अमावास्या होती, मांजर आडवें गेलें, निघतांना कोणी शिंकलें. त्याच शास्त्राचा दुसरा सिद्धांत याहूनहि उपयोगाचा आहे. कार्य हें एकट्यादुकट्या कारणानें घडत नाहीं. सर्व कारणांची ‘सामग्री’ जुळून यावी लागते. माती, चाक, दांडा, कुंभार यांतील एक जरी नसलें, तरी घट होत नाहीं. अपघाताचेंहि तसेंच आहे. आमच्या प्रसंगांत रात्र, झोंप, वेग, दिवे नसलेली मालमोटार आणि चादरीखालचा पट्टा ही सारी सामग्री जुळली. यांतील एखादेंच अंग कमी असतें, तर कदाचित् अपघात टळला असता, निदान मृत्यु तरी टळला असता.

पाश्चात्य देशांत हाच विचार विल्यम हॅडन या अमेरिकन वैद्यानें पद्धतशीर मांडला. १९६६ सालीं अमेरिकेंत महामार्ग-सुरक्षेसाठीं जें सरकारी खातें निघालें, त्याचा तो पहिला प्रमुख होता. तत्पूर्वीं अपघात म्हटला कीं चालकाचा दोष, आणि चालकाला उपदेश केला कीं काम संपलें, अशी समजूत होती. हॅडननें अपघाताकडे रोगाप्रमाणें पाहिलें. त्यानें एक साधा तक्ता आंखला. उभ्या बाजूस तीन काल : आदळण्यापूर्वींचा, आदळण्याच्या क्षणाचा, व नंतरचा. आडव्या बाजूस माणूस, वाहन आणि रस्ता व त्याचा परिसर. प्रत्येक चौकटींत एकच प्रश्न : येथें काय केलें असतां हानि कमी होईल ? आपले वैद्य रोगाचें पूर्वरूप, रूप व उपशय वेगवेगळे तपासतात, तसाच हा प्रकार आहे. या तक्त्याचा मोठा लाभ असा, कीं चालक चुकला तरी पुढच्या चौकटी शिल्लक राहतात. माणूस चुकणार, हें गृहीत धरूनच रस्ता व वाहन अशीं करावयाचीं, कीं त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यु नसावी. स्वीडनच्या संसदेनें १९९७ सालीं हेंच तत्त्व राष्ट्राचें धोरण म्हणून स्वीकारलें.

आतां धोका मोजावयाचा कसा, तें पाहूं. येथें गणिताच्या मास्तराची एक सूचना ध्यानांत ठेवावी : अंश पाहतांना छेद विसरूं नये. २०२२ च्या अहवालांत सुमारें दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवर घडल्याची नोंद आहे. एवढ्यावरून घाटांतील वळणांपेक्षां सरळ रस्ता अधिक घातक असा निष्कर्ष काढतां येणार नाहीं. कारण मुळांत रस्त्यांची बहुतेक लांबी सरळच असते. मात्र त्यावरून एवढें निश्चित शिकावें, कीं घाट उतरल्यावर आपण जो निःश्वास टाकतों, तो अवेळीं असतो. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशांतील एकूण रस्त्यांच्या शेंकडा सुमारें २, पण रस्त्यांवरील मृत्यूंपैकीं शेंकडा ३६ त्यांच्यावर घडतात. येथेंहि हे मार्ग वाहतुकीचा फार मोठा भार वाहतात, हें विसरतां कामा नये. परंतु या आंकड्यांतून उपायाची दिशा मात्र स्पष्ट दिसते. रोग थोड्या जागेंत दाटलेला असला, म्हणजे औषधहि थोड्या जागेंत पुरतें.

या दाटलेल्या जागांना सरकारी भाषेंत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. सुमारें ५०० मीटर लांबीच्या ज्या पट्ट्यांत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पांच अपघात घडले, अथवा दहा माणसें मेलीं, तो ब्लॅक स्पॉट. ही व्याख्या उपयुक्त आहे, पण तींत एक उणीव आहे. माणसें मेल्यावांचून जागा वहींत चढत नाहीं. म्हणून जाणते अभियंते दुसरीहि रीत अवलंबितात. ते रस्त्यावरून फिरून, कठडा कोठें तुटला आहे, झाड किंवा खांब रस्त्याला किती लगटून आहे, गांवची वाट महामार्गाला कोठें एकाएकीं मिळते, याची टिपणें करतात आणि अपघाताआधींच पट्ट्याची प्रतवारी लावतात. एक निदान मृताचें, दुसरें जिवंताचें. दोन्ही लागतात, पण दुसरें अधिक मोलाचें.

या निदानाचें आपल्या घराजवळचें उदाहरण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचें आहे. हा सुमारें साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा सहापदरी मार्ग २००२ सालीं पुरा झाला. २०१६ सालीं त्यावर १५१ माणसें मरण पावलीं. त्याच सुमारास राज्य रस्तेविकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था व महिंद्र यांनीं मिळून मृत्यु शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला आणि अपघातांची जागेवर जाऊन तपासणी आरंभिली. तींत जीं कारणें आढळलीं, तीं मुळींच गूढ नव्हतीं : कडेला उभीं केलेलीं वाहनें, उघडे खडक व काँक्रीटचे ठोकळे, अपुरे कठडे, मार्गिका सोडून चालणारीं जड वाहनें, चालकांचा थकवा. उपायहि तसेच साधे होते. पुढील वर्षांत मृतांची संख्या उतरली. एखाद्या वर्षीं ती २०१६ च्या निम्म्याखालींहि गेली. ती पुढें वरखालीं होत राहिली, व शून्याचा संकल्प पुरा झालेला नाहीं. तरीपण रस्ता तोच, घाट तोच, माणसें तींच असतांना मृत्यु एवढे कमी होऊं शकतात, तर ज्यांना आपण दैव म्हणत होतों, तें निदान अर्ध्याअधिक हिशेबाचेंच प्रकरण होतें, हें मान्य करावें लागेल.

सर्व कारणांत अग्रपूजेचा मान वेगाला आहे. २०२२ च्या अहवालांत शेंकडा ७१ मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलेलें आहे. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते, हा शाळेंतील पदार्थविज्ञानाचा नियम. तो मनावर ठसावा म्हणून उंचीच्या भाषेंत सांगतों. ताशीं ५० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें १० मीटर उंचीवरून, अर्थात् तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणें. ताशीं १०० किलोमीटर म्हणजे सुमारें ४० मीटर, बारातेरा मजले. गच्चीच्या कठड्याशीं नातू गेला तर आपला जीव उडतो. पण तोच नातू ताशीं शंभरच्या वेगानें धांवणाऱ्या गाडींत मांडीवर मोकळा बसलेला आपल्याला चालतो! थांबण्याचें गणितहि असेंच आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानाप्रमाणें ताशीं ५० च्या वेगाला थांबण्यासाठीं ६० मीटर दृष्टिपथ लागतो, आणि १०० च्या वेगाला १८० मीटर. चालकास संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर तेवढ्यांतच जवळजवळ ७० मीटर अंतर संपतें. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, कीं सरासरी वेग शेंकडा १ नें वाढला तर प्राणघातक अपघाताचा संभव शेंकडा ४ नें वाढतो. दहा मिनिटें वांचविण्यासाठीं आपण काय पणाला लावतों, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

दुसरें कारण झोंप. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाला. असल्या लांब, सरळ व एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनहि मन निद्रित होतें. ताशीं १०० च्या वेगांत चार सेकंद डोळा लागला, तर गाडी ११० मीटर अंतर चालकावांचून जाते. सतत १७ तास जागलेल्या माणसाची दक्षता, रक्तांत शेंकडा ०.०५ मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असें प्रयोगांनीं दाखविलें आहे. आणि आपल्या कायद्याची मर्यादा त्याहून कमी, म्हणजे शेंकडा ०.०३ आहे. ज्या घरांत मद्याचा स्पर्शहि वर्ज्य, त्या घरांतील मुलगा दिवसभर मुंजींत राबून मध्यरात्रीं गाडी हांकूं लागला, कीं त्याची अवस्था मद्यप्यासारखीच असते. हें वाक्य कटु आहे, पण तें मीं आमच्या घरचा अनुभव स्मरून लिहिलें आहे. पाहुण्याला रात्रीं निघूं न देणें हा जुना आग्रह नुसता शिष्टाचार नव्हता. तो पुनः चालू करावा.

तिसरी गोष्ट आदळण्याच्या क्षणाची. त्या क्षणीं उपदेश, शिक्षण व सावधानता संपलेलीं असतात. कामाला येतो तो फक्त पट्टा, आणि दुचाकीवर हेलमेट. तीन ठिकाणीं बांधणारा हा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें १९५९ सालीं सिद्ध केला. २०२२ सालीं पट्टा न लावलेलीं १६,७१५ माणसें आपल्या देशांत मेलीं. त्यांतील जवळजवळ निम्मीं चालक नव्हतीं, प्रवासी होतीं. हेलमेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी उत्तमांतली उत्तम होती. पण मागच्या आसनावरील दोघांनींहि पट्टे लावलेले नव्हते, आणि ते दोघेच गेले. त्या ठिकाणीं तीन पदरी रस्ता पुलापाशीं दोन पदरी होत होता, हेंहि पुढें चर्चेंत आलें. म्हणजे येथेंहि रस्ता, वेग व पट्टा ही सामग्री जुळलेलीच दिसते. मागें बसलेला माणूस सुरक्षित असतो ही समजूत निराधार आहे. पट्ट्यावांचून तो पुढच्या माणसावर फेंकला जातो. स्वतः मरतो आणि पुढच्यालाहि मारूं शकतो.

चौथी गोष्ट आदळल्यानंतरची. १ जुलै २०२३ च्या रात्रीं समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी दगावले. दार ज्या बाजूस होतें, त्याच बाजूवर बस पडल्यामुळें बाहेर पडणें कठीण झालें. तेव्हां रात्रीच्या बसमध्यें बसतांच संकटकालीन खिडकी व कांच फोडण्याची हातोडी कोठें आहे, हें पाहून ठेवावें. तसेंच रस्त्यांत जखमी माणूस दिसला, तर पोलिसी लचांडाच्या भीतीनें तोंड फिरवूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या नियमांना कायद्याचें बळ दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार-वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. मदत करणाऱ्यावर आपलें नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. ११२ व १०८ हे क्रमांक, आणि राष्ट्रीय महामार्गासाठीं १०३३, हे घरांतील मुलांनाहि पाठ असावेत.

एक गोष्ट मात्र आपण मोटारवाल्यांनीं विसरूं नये. २०२२ च्या मृतांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते, आणि शेंकडा १९ हून अधिक पायीं चालणारे. महामार्ग गांवाच्या मधून जातो, तेव्हां शाळा एका बाजूस व घर दुसऱ्या बाजूस राहतें. त्या पोरांना रस्ता ओलांडण्याचा पूल किंवा भुयार मिळावें, ही मागणी त्यांचे आईबाप क्वचितच करूं शकतात. आपल्यासारख्या लिहित्यावाचत्या माणसांनीं ती करावी. कोणत्या जागीं गाड्या वारंवार कचकन् थांबतात, कोठें कठडा ठेचाळलेला आहे, कोठें दिवे बंद आहेत, याची तारीखवार वही ठेवून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तर तो नुसत्या तक्रारीपेक्षां जड ठरतो. निवृत्त माणसांस वेळ असतो. त्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाहीं.

आतां घराविषयीं. आमच्या घरीं आक्काच्या वर्षश्राद्धापासून कांहीं नियम पाळले जातात. मागच्या आसनावर चादर अंथरावयाची नाहीं. पट्ट्याचे खटके वाजल्यावांचून गाडी सुरू करावयाची नाहीं. लहान मूल मांडीवर नव्हे, त्याच्यासाठीं केलेल्या आसनांत. निघण्यापूर्वीं टायरांतील हवा व मागचे दिवे पाहावयाचे. कारण हवा कमी असली कीं टायर अधिक दबतो, तापतो आणि फुटतो. दोन तासांनीं विसावा घ्यावयाचा. रात्रीं दहानंतर कोणी निघावयाचें नाहीं. आणि “कोठवर आलां ?” म्हणून चालकाला फोन करावयाचा नाहीं. या शेवटच्या नियमाला घरांतील बायकांचा आरंभीं विरोध होता. चालत्या गाडींत वाजणारी आपली काळजीच घात करूं शकते, हें पटल्यावर तो मावळला.

दहीं अजूनहि हातावर पडतें, आणि पडावेंच. माझी पत्नी दहीं घालते व तशीच गाडीच्या मागच्या दाराशीं जाऊन वांकून पाहते. खटका वाजल्याचा आवाज आला, म्हणजे मग “या” म्हणते. तो लहानसा आवाज त्या रात्रीं मीं ऐकावयास हवा होता.